सुधाकाकूंचा डबा

आधीच सांगते, मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. जो बग पुन्हा घडवून दाखवता येत नाही, तो मी रिपोर्टमध्ये घेत नाही. या फोरमवरच्या भुताखेतांच्या धाग्यांवर सगळ्यात जास्त फाटे फोडणारी मीच... जुन्या मेंबरांना आठवत असेल. तेव्हा आता तुम्ही हसा हवं तर.

मी न्यू जर्सीत, पार्सिपनीला राहते. घटस्फोटानंतर एकटीच. वरच्या मजल्यावर सुधाकाकू राहायच्या, मुलाकडे – मिलिंदकडे. दर गुरुवारी मला वर बोलवायच्या आणि निघताना हातात साबुदाण्याच्या खिचडीचा स्टीलचा डबा द्यायच्या. डब्यावर नाव घातलेलं – 'सौ. सुधा'. एकदा तो माझ्याच हातून जिन्यात पडला आणि नावाखाली चांगला पोचा आला. काकू म्हणाल्या, "बरं झालं, आता कुणाच्या डब्याशी बदलायचा नाही."

आता आपल्याकडे डबा रिकामा परत करायचा नसतो. आणि माझा स्वयंपाक मॅगीवर संपतो. एकदा डबा राहिला तो राहिलाच. शनिवारी शिरा करू, नाहीतर रविवारी... रिकाम्या डब्याची लाज वाटून मी वर जायचंच टाळू लागले. काकूंचे गुडघे गेलेले, त्यांना जिना उतरवत नव्हता. दोन-तीनदा फोन आला, "अगं, फिरकली नाहीस?"

"काकू, रिलीज आहे हो. पुढच्या आठवड्यात नक्की."

फेब्रुवारीत काकू गेल्या. महिन्याभरात मिलिंद अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, सांता क्लाराला शिफ्ट झाला. डबा माझ्या कपाटात, पासपोर्टच्या फाइलशेजारी पडून राहिला. मला त्याच्याकडे बघवायचं नाही.

काकूंच्या किचनमध्ये एका इटालियन बेकरीचं कॅलेंडर होतं. त्यावर उत्तर इटलीतल्या बासानो देल ग्राप्पा या गावाचं चित्र – द्राक्षमळ्यांच्या टेकड्या, नदी आणि नदीवर छप्पर असलेला जुना लाकडी पूल. महिना संपला तरी काकू ते पान उलटू द्यायच्या नाहीत. "नदी बघत उभं राहायचं, तर डोक्यावर छप्पर! किती विचार केलाय बघ. आपण दोघी जाऊ गं एकदा."

ऑक्टोबरमध्ये माझ्या सुट्ट्या लॅप्स होणार होत्या म्हणून मी तिथे गेले. म्हणजे ऑफिसात असं सांगितलं. खरं तर काकूंना जो वेळ दिला नाही, तो कुठेतरी द्यायचा होता. निघताना पासपोर्ट काढला तेव्हा डबा कपाटात होता. हे मला पक्कं आठवतं.

गाव देखणं आहे. नदीचं पाणी हिरवट, गार. पुलाच्या टोकाशी लोक छोटे ग्लास हातात घेऊन उभे, सगळे जोडीनं नाहीतर घोळक्यानं. दोन दिवसांत मी पाच जोडप्यांचे फोटो काढून दिले. माझा काढू का, असं कुणी विचारलं नाही. पुलावर उभी राहून मी मनातल्या मनात काकूंना सगळं सांगत होते आणि माझं मलाच रडू येत होतं.

नदीकाठच्या एका घरात खोली घेतली होती. मालकीण सत्तरीची, इंग्लिश शून्य. बोलणं सगळं फोनवरच्या ट्रान्सलेटरमधून. तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला मी एकटीच होते. ती समोर येऊन बसली आणि तिनं फोन पुढे केला – तू कुणाची वाट बघतेस का?

"नाही," मी म्हटलं. "मी एकटीच आलेय."

ती उठली. बशांच्या फळीवरून काहीतरी काढून तिनं माझ्यासमोर ठेवलं.

स्टीलचा डबा. 'सौ. सुधा'. नावाखाली पोचा.

मी पोच्यावरून बोट फिरवलं. ती फोनमध्ये बोलत राहिली, मी वाचत राहिले. फेब्रुवारीत एक बाई आली होती. साडीवर स्वेटर. बाहेर बर्फ होतं. चहा घेतला, पूल बघत बसली. म्हणाली, माझ्या देशातली एक मुलगी येईल, एकटी. तिला दे.

"कुठल्या भाषेत बोलली?" मी कसंबसं विचारलं. काकूंना दुकानात 'लो फॅट' म्हणताना घाम फुटायचा हो!

तिनं खूप विचार केला. आठवत नाही, म्हणाली, पण समजलं. मग एकदम आठवल्यासारखं पुन्हा फोनमध्ये बोलली – आणि म्हणाली, रिकामा चालतो, पण यायचं.

मी त्या परक्या बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडले.

घरी आल्यावर आधी कपाट उघडलं. धुळीत गोल डाग तेवढा होता. म्हणजे तो सबंध उन्हाळाभर माझ्या कपाटातही होता आणि त्या फळीवरही? मीच नकळत बॅगेत टाकला, तर मग तिच्या फळीवर कसा? तुम्ही जे विचारणार आहात, ते सगळं मी स्वतःला विचारून झालंय.

शेवटी मिलिंदला फोन केला. काकू गेल्यापासूनचा पहिला. इटलीचं काही बोलले नाही, फक्त म्हटलं, "काकूंचा डबा राहिलाय माझ्याकडे."

तो म्हणाला, "ताई, शेवटच्या आठवड्यात आई सारखी दाराकडे बघून विचारायची, डबा आला का? आम्हाला वाटायचं, तिला भूक लागलीये."

"येऊ का घेऊन?" मी विचारलं.

"कुरियर कर ना ताई. एवढ्यासाठी कुठे येतेस?"

"नाही रे," मी म्हटलं, "मीच घेऊन येते."

पुढच्या शनिवारचं तिकीट काढलंय. शिरा-बिरा काही करणार नाहीये. डबा रिकामाच नेणार आहे.