पेढ्याएवढं रबर

सुनंदानं गाडीखालून काढून दिलेला रबरी बुश मी तळहातावर घेऊन बघतच राहिलो. पेढ्याएवढा असेल, मधोमध भोक, कडेनं पार चिरलेला.

खड्डा आला की पुढच्या डाव्या चाकाशी खडाक् वाजायचं. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या बाबांना उद्या याच गाडीतून घरी आणायचं होतं. म्हणून माझी ही बायको पार्किंगमध्ये जुनी सतरंजी टाकून चाकाशी आडवी झाली. "तू बॉनेट दाब आणि सोड, मी हात लावून बघते." नाडी बघावी तशी ती डोळे मिटून एकेका सांध्यावर बोटं ठेवत गेली. "हा बघ, हाच ठोके देतोय!" मग जॅक लावून, चाक काढून तिनं नवा बुश बसवला.

दर दसऱ्याला आम्ही बॉनेटला झेंडूचा हार घालतो, स्टिअरिंगला कुंकू लावतो. आणि आपल्या कमरेपर्यंत येणारा दणका वाटेतच गिळणारं हे एवढंसं रबर तिकडे खाली, अंधारात, चिखलात. मला कधी जाणवलेच नाहीत असे किती दणके यात जिरले असतील, या विचारानं मी थक्क झालो.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीच्या तोंडावरचा मोठा खड्डा दिसताच बाबांनी खिडकीवरचं हँडल घट्ट धरलं, डोळे मिटून घेतले. गाडी खाली गेली, वर आली, पुढे निघाली.

बऱ्याच वेळानं त्यांनी एक डोळा उघडला.

"खड्डा बुजवला का रे?"