सोनगीरला मासळी मंजूर झाली

या सगळ्याची सुरुवात माझ्याच हातून झाली, म्हणून ती मीच सांगितलेली बरी. सोनगीरच्या बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. माझं नाव ललित. आणि ज्यांची ही गोष्ट आहे त्या बेबाबाई माळी, आमच्या बेबाअक्का.

अक्कांनी एकतीस वर्षं अंगणवाडी चालवली. त्या नोकरीतून त्यांना एक सवय लागली. काहीही दिलं की लेखी द्यायचं आणि त्याची पोच घ्यायची. एकदा माझ्याकडून झेरॉक्सचे कागद नेले, तर मलाच 'कागद मिळाले' असं लिहून दिलं आणि खाली माझी सही घेतली. गळ्यात तुळशीची माळ, डोळ्याला जाड चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. त्या पिशवीत शाईचा पॅड कायम.

निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून त्यांनी गल्लीतल्या चौदा बाया गोळा केल्या आणि 'शिदोरी महिला संस्था' नोंदवली. बाया बिबडे करायच्या. ज्वारी तीन दिवस भिजवायची, दळायची, तिखट-लसूण घालून शिजवायची आणि ओल्या कापडावर हाताने थापून उन्हात वाळवायची. प्रत्येकीचा धंदा आपापला. दळण, पॅकिंग आणि धुळ्याच्या दुकानांत माल पोचवणं एवढं संस्था बघायची.

अडचण होती ती वाळवण्याची. हायवेची धूळ, कावळे, शेळ्या आणि चैत्रातला वारा. त्या चौदांपैकी हुस्नबानोचे बिबडे एकदा तीन गच्च्या ओलांडून तलाठ्याच्या अंगणात पडले. तलाठ्याच्या बायकोने ते तळून खाल्ले आणि चांगले झालेत म्हणून निरोप पाठवला.

अशात जाहिरात आली. बायकांच्या छोट्या धंद्यांना हात देणाऱ्या संस्थांना सरकारी अनुदान मिळणार होतं. अक्का कागदपत्रांचं गाठोडं घेऊन माझ्या दुकानात आल्या.

अर्ज भरता भरता 'उद्योगाचा प्रकार' आला. यादीत शिलाई होती, ब्युटी पार्लर होतं, पापड-लोणचंही होतं. पण पापड-लोणच्यावर बोट ठेवलं की 'जिल्ह्याचा कोटा पूर्ण' असं लाल अक्षरात यायचं. मी खाली सरकत गेलो. एके ठिकाणी 'सुकवणे व साठवणूक' असं दिसलं.

"अक्का, हे बसतंय बघा. आपण सुकवतोच ना?"

"सुकाडतस तर शे," अक्का म्हणाल्या. "दाब."

मी दाबलं.

चार महिन्यांनी मंजुरीचं पत्र आलं. अक्कांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि माझ्यापुढे धरलं. 'आपल्या संस्थेस सुकी मासळी प्रक्रिया उद्योगासाठी सहाय्य मंजूर करण्यात येत आहे.' ती 'सुकवणे व साठवणूक' ही मासळीच्या शीर्षकाखालची ओळ होती. शीर्षक वरच्या पानावर राहिलं होतं आणि मी वर गेलोच नव्हतो.

"तू काय लिखं रे भाऊ?" अक्का एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही धुळ्याला गेलो. योजनेच्या कार्यालयात हितेंद्र सोनार नावाचे तरुण अधिकारी होते. नवीनच लागलेले, भला माणूस. त्यांनी पाणी दिलं, पत्र वाचलं.

"चूक दुरुस्त करता येते," ते म्हणाले. "पण दुरुस्तीचा अर्ज त्याच उद्योगाखाली करावा लागतो. म्हणजे मासळीवाल्या संस्थेने अर्ज करायचा की आम्ही मासळीवाले नाही."

"आम्ही मासळीवाले नाहीच," अक्का म्हणाल्या.

"मग तुम्हाला तो अर्ज करता येणार नाही."

"आणि अनुदान नको म्हटलं तर?" अक्कांनी विचारलं.

"तर संस्था पाच वर्षं बाद."

अक्कांनी तिथेच कागद मागितला आणि लिहिलं, 'आमची संस्था ज्वारीचे बिबडे करते. मासळीशी आमचा संबंध नाही. तरी योग्य ते व्हावे.' त्यावर आवकचा शिक्का मारून घेतला. साहेबांनी कागद आदराने फाइलला लावला. बसमध्ये अक्का म्हणाल्या, "आपण खोटं बोलनूत नही. आते त्यास्नी मर्जी."

पंधरा दिवसांनी प्रशिक्षक आल्या. भानुमती तांडेल, पालघरच्या किनाऱ्यावरच्या. धिप्पाड, नऊवारी कोळी पद्धतीने नेसलेल्या, हातात बोंबलाने भरलेली पिशवी. एसटीतून उतरल्या तेव्हा त्यांच्या आजूबाजूची पाच बाकं रिकामी होती, असं कंडक्टरने मला सांगितलं.

प्रशिक्षण मराठी शाळेच्या वर्गात. चौदा बाया भिंतीला टेकून बसल्या. माळकरी अक्का पहिल्या रांगेत, नाकाला पदर लावून. भानुमतीबाईंनी सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमची नदी कुठे?"

"नदी नही," शेवंताबाई म्हणाली.

"तळं?"

"नळ शे. आठ दिवसांतून येस."

भानुमतीबाई खाली बसल्या. मग अक्कांनी त्यांना सगळी हकिगत सांगितली, आवकच्या शिक्क्याचा कागदही दाखवला. भानुमतीबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी पाजावं लागलं. हसून झाल्यावर म्हणाल्या, "तीन दिवसांचे पैसे सरकारने मला दिलेत. फुकट घेणार नाही. दाखवा तुमचं काय सुकतं ते."

गच्चीवर गेल्या आणि बायांना झापायलाच लागल्या. जमिनीवर का सुकवता? वारा खालून मिळाला पाहिजे. बांबूच्या मांडवावर पसरा. उलटायची वेळ सावली बघून ठरवा. आणि वरून जाळं टाका, म्हणजे कावळाही नेणार नाही आणि वाराही उडवणार नाही. बोंबील काय, बिबडा काय, ऊन दोघांना सारखंच लागतं.

तिसऱ्या दिवशी निघताना अक्कांनी त्यांना पाच किलो बिबडे दिले. पोच घेतली. भानुमतीबाईंनी बोंबील पुढे केले तेव्हा मात्र अक्का हात जोडून दोन पावलं मागे सरकल्या. ते बोंबील हुस्नबानोने नेले.

आणि मग योजनेतून खरंच जाळी आली. टेम्पोतून, प्रत्येक बाईला एक, चौदा मासेमारीची जाळी. सोनगीरच्या किल्ल्याखाली चौदा गच्च्यांवर बांबूचे मांडव उभे राहिले आणि त्यांवर निळी जाळी पसरली. त्या वर्षी एकही बिबडा तलाठ्याकडे गेला नाही. उलट एक निराळंच झालं. शेवंताबाईने घाई करून ओल्या बिबड्यांवरच जाळं टाकलं आणि त्यांच्यावर चौकटीचौकटीची नक्षी उमटली. धुळ्याचा दुकानदार म्हणाला, हेच द्या, गिऱ्हाईक हेच मागतं. मग सगळ्याच बाया घाई करायला लागल्या.

मार्चमध्ये हितेंद्रसाहेब तपासणीला आले. मीही सोबत होतो, कारण मोबाइलवर माहिती मलाच भरायची होती. गच्चीवर उभं राहून त्यांनी घाम पुसला.

"अक्का, मासे दाखवा."

"सायेब, आठे प्यायला पाणी नाही. मासे काय तांब्यात पाळू? मी तुम्हाला लिहून दिलंय."

"ते फाइलला आहे," साहेब कळवळून म्हणाले. "पण या अर्जात दोनच पर्याय आहेत. एक तर मासळी तयार झाली, नाहीतर मासळी नष्ट झाली. नष्ट झाली असेल तर पंचनामा लागतो."

"कशाचा?"

"मेलेल्या माशांचा."

"नव्हतेच, तर मेले कसे म्हणायचे?"

"नाही म्हणता येणार."

"मग जिते शेतस असं लिखा."

"तेही लिहिता येणार नाही, अक्का. मला नोकरी आहे."

दोघंही मांडवाखालच्या सावलीत बसले. हुस्नबानोने तळलेले बिबडे आणले. साहेबांनी एक खाल्ला, दुसरा घेतला. मग मला म्हणाले, "भाऊ, पुढच्या रकान्यात काय विचारलंय?"

"मासळीची जात. इथे यादी नाही, आपण लिहायचं."

साहेबांनी हातातल्या बिबड्याकडे पाहिलं. "मग जे खरं आहे ते लिहा."

मी 'बिबडा' लिहिलं. बिबडा तयार झालाच होता, म्हणून वर 'तयार झाली' दाबलं. 'जाळ्यांचा वापर' इथे शंभर टक्के लिहिलं, आणि ते तर अक्षरशः खरं होतं. फोटो काढला. अर्ज गेला.

त्यानंतर 'बिबडा' योजनेच्या यादीत गेला आणि अक्कांना फोन यायला लागले. कोल्हापूरकडच्या एका संस्थेला बिबड्याचं बीज हवं होतं. हा मासा कमी पाण्यात जगतो म्हणे. अक्का प्रत्येकाला शांतपणे सांगायच्या, "भाऊ, तो जवारीचा राहतो." एक माणूस म्हणाला, बरं, म्हणजे खाद्य म्हणून ज्वारी लागते ना? अक्कांनी फोन माझ्याकडे दिला. मलाही त्याला समजावता आलं नाही.

जाळ्यांचा शंभर टक्के वापर केल्याबद्दल दुसऱ्या टप्प्यात होडी आली.

मे महिन्यात, भर दुपारी, ट्रकवरून. पांढरी, फायबरची, सोळा फुटी. हायवेवरून आत वळली तेव्हा गाव गोळा झालं. ड्रायव्हरने विचारलं, "समुद्र किती लांब?" कुणी तरी म्हणालं, "तूच आला ना तिकडून." होडी संस्थेच्या दारात उतरवली. गल्लीतले म्हातारे लोटन आबा काठी टेकत आले, तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "मजबूत शे." आणि गेले.

त्या दिवशी अक्का पहिल्यांदा खचलेल्या दिसल्या. ओट्यावर बसून म्हणाल्या, "ललित, मी आयुष्यभर खोटा आकडा लिखा नही. आणि आता माझ्या दारात होडी शे. लोक काय म्हणतील?" मी शेजारी जाऊन बसलो.

तेवढ्यात आठव्या दिवसाचा नळ आला. बाया भांडी घेऊन धावल्या. भांडी नेहमीच कमी पडायची, ज्वारी भिजवायला पातेली शेजारून मागावी लागायची. शेवंताबाईची पाण्याची नळी दारातून जात होती. तिने होडीकडे पाहिलं, अक्कांकडे पाहिलं आणि काही न विचारता नळी होडीत सोडली. अर्ध्या तासात होडी काठोकाठ. त्या आठवड्यात चौदा जणींची ज्वारी एकाच ठिकाणी भिजली. चौदा चुली वेगवेगळ्या, पण भिजवण एक. धुळ्याची ऑर्डर आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर गेली.

जूनमध्ये हितेंद्रसाहेब पुन्हा आले. दुरूनच होडी दिसली आणि त्यांचा चेहरा उतरला. मोबाइल काढून त्यांनी हळू आवाजात प्रश्न वाचला.

"अक्का, होडी पाण्यात आहे का?"

अक्कांनी त्यांना होडीपाशी नेलं. "होडी पाणीमा नही, सायेब. पाणी होडीमा शे. असं लिखता येस का?"

साहेबांनी खूप प्रयत्न केला, पण तसा पर्याय नव्हता. त्यांनी फोटो काढला आणि शेऱ्यात अक्कांचं वाक्य जसंच्या तसं टाकलं. त्यावर आजपर्यंत कुणी काही विचारलेलं नाही. त्यांची बदली नंदुरबारला झाली. जाताना ते बिबडे घेऊन गेले, पैसे देऊन.

आता संस्थेत तेवीस बाया आहेत. अध्यक्ष हुस्नबानो झाली, अक्का नुसतं लक्ष ठेवतात. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या पोरी झोक्याला रांग आहे म्हणून रिकाम्या होडीत जाऊन बसल्या आणि गाणी म्हणायला लागल्या. मयुरी, शेवंताबाईची लेक, पुढे बसून लाटण्याने वल्हवत होती. अक्का दारातून ओरडल्या, "उतरा व पोरीस्वन, सकाळ नळ येवाव शे, धुवानी शे ती!"

पोरी काही उतरल्या नाहीत. थोड्या वेळाने मी दुकान बंद करून तिकडून जात होतो, तर मयुरीने अक्कांना हात धरून आत बसवलं होतं. अक्का काठाला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसल्या होत्या, बुडू की काय अशा.