रबाळ्याचा शेवटचा चेंबर

मेल्यावर माणसाचं मागे काही उरतं का, मला ठाऊक नाही. ट्रेसिंग पेपरवरची शाई ब्लेडने खरवडली की खूण मात्र कायमची उरते, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. बाकी अमानवीय वगैरे मी कधी मानलं नाही… आजही फारसं नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. वाशीत, सेक्टर सतरामध्ये आमचं कन्सल्टंटचं ऑफिस. रबाळ्याच्या एका नव्या कारखान्याच्या परवानगीसाठी पाणी, ड्रेनेज, वायरिंगचे नकाशे करायचे होते. साहेबांनी पहिल्यांदाच अख्खा सेट मला दिला. "शिंदे, एक जरी रिमार्क आला ना, परत टॉयलेट डिटेल्स!" तीन वर्षं मी लोकांचे संडासच काढत होते.

नऊ शीट्स शाईत काढल्या. कोपऱ्यातल्या 'ड्रॉन बाय'च्या चौकटीत माझं नाव.

सबमिशनच्या दिवशी सरकारी बाकावर बसून उंची-खोलीच्या आकड्यांची, लेव्हलची वही चाळत होते आणि एका आकड्यावर बोट थांबलं. कारखान्याचा शेवटचा चेंबर मी रस्त्याच्या गटारापेक्षा फूटभर खोल धरला होता. सांडपाणी चढ चढून जाणार! वहीतला तोच आकडा शीटवर लिहिल्याचं मला पक्कं आठवत होतं.

सोबत आमचे सीनियर ड्राफ्ट्समन मुकादम होते. वही बघून म्हणाले, "आज सोमवार. तुमच्या देवाकडे लाइन असंल. माझ्या देवाला सांग, आमची नमाजाची गर्दी शुक्रवारी."

अधिकाऱ्यांनी शीट पसरली. त्यांची पट्टी नेमकी त्या चेंबरवर थांबली.

"इथे बहुतेक सगळे चुकतात. हे बरोबर आहे. कोणी काढलंय?"

"मी!" आवाज जरा मोठाच निघाला.

जमा करायला काढलेल्या सहाही प्रिंटवर आकडा बरोबर. ऑफिसात येऊन मूळ ट्रेसिंग खिडकीच्या काचेवर धरलं — अक्षर माझं, खरवडल्याची खूण कुठेच नाही. वहीत चूक तशीच. मुकादमांनी केलं म्हणावं, तर ते दुसऱ्याचा स्वल्पविराम सुधारला तरी आठवडाभर सांगत फिरायचे. उत्तर आजतागायत सापडलेलं नाही.

रिमार्क शून्य! साहेब तो सेट महिनाभर प्रत्येक क्लायंटला दाखवत होते आणि मी दर वेळी काहीतरी निमित्त काढून केबिनमध्ये जात होते. एक प्रिंट अजून माझ्या कपाटात आहे.

कारखाना उभा राहिल्यावर मुद्दाम चेंबर बघायला गेले. सांडपाणी झकास वाहत होतं. प्लंबरला नकाशाबद्दल विचारलं.

"नकाशा व्हता काय, ताई? आमी नळीत पाणी भरून लेव्हल काढली."