पाठमोरं गिऱ्हाईक

वाचनालयाच्या जिन्यात गावातले जुने फोटो लावले आहेत. शिंपी, तेलवाला, घड्याळजी, सायकलवाला. प्रत्येक फोटोत दुकानदार छाती पुढे काढून उभा आणि त्याच्यासमोर, आपल्याकडे पाठ करून, एक गिऱ्हाईक. दोन-तीन फोटो झाले की नीट बघणारा थबकतो. कोट बदललाय, टोपी बदललीय, पण उजवा कान तोच, कपाच्या कानासारखा बाहेर आलेला. शिंप्याकडे कापड चाचपणारा, तेलवाल्यापुढे बाटली धरणारा आणि घड्याळजीकडे टिकटिक ऐकणारा माणूस एकच आहे.

गाव त्याला गिऱ्हाईकच म्हणायचं. त्या दुकानांतून त्याने स्वतःसाठी फारसं काही घेतलं नव्हतं, हा भाग वेगळा.

तो फोटोग्राफरचा मेहुणा. थोरल्या बहिणीच्या मागोमाग स्टुडिओत आला आणि कॅमेऱ्याची तिपाई उचलायच्या कामाला लागला. तेव्हाची दुकानं अंधारी. कॅमेऱ्याचं झाकण काढून बराच वेळ उघडं ठेवावं लागे, आणि तेवढ्यात कुणी हललं की कॅमेऱ्यातल्या काचेवर नुसता धूर. खरी गिऱ्हाइकं बोलायची, नाक खाजवायची. "खरं गिऱ्हाईक म्हणजे माशी," भाऊजी वैतागायचे. मेहुणा मात्र खांबासारखा उभा राही. त्याला एकच सूचना होती, "तोंड आत, पाठ बाहेर." फोटो विकत घेणार दुकानदार, तेव्हा चेहरा त्याचाच दिसायला हवा.

रिकाम्या वेळात तो दुरुस्तीला आलेल्या कॅमेऱ्याचं अडकलेलं शटर खोलून बसे. केसाएवढ्या स्प्रिंगा, नखाएवढे खटके. त्यातून कुलपांचा नाद लागला. ताईच्या ट्रंकेचं कुलूप झालं, शेजाऱ्यांची पेटी झाली, हात बसत गेला.

मग भाऊजींनी नवा कॅमेरा आणला. तो उन्हात धावत्या पोरालासुद्धा जागच्या जागी धरायचा, म्हणून भाऊजी दुकानदारांना मालासकट रस्त्यावर बोलावू लागले. खांबाची गरज उरली नाही. "आता तुझं काय करायचं रे?" भाऊजींनी विचारलं. बोलण्यात खोट नव्हती. जुन्या छत्रीबद्दल विचारावं तसं विचारलं, एवढंच.

चाळिशीला आलेल्या माणसाने घरी येऊन तोच प्रश्न बायकोपुढे ठेवला. बायको म्हणाली, "इतकी वर्षं दुसऱ्यांच्या दुकानात उभे राहिलात ना? आता आपल्या दुकानात राहा."

शिंप्याच्या जिन्याखाली एक अरुंद खोली होती. फळी आडवी टाकून काउंटर झाला, भिंतीवर खिळे ठोकून किल्ल्या लटकल्या. शिंपी सरळ माणूस. "महिनाभर बघा. चाललं तर खोली तुमची. नाहीतर बुकबाइंडर मागतोच आहे."

चालेना. पहिली अडचण त्याच्या पायांची. सकाळी तो आत उभा राही, पण जरा लक्ष दुसरीकडे गेलं की पाय आपोआप फळीला वळसा घालून बाहेर येत, आणि स्वारी आपल्याच दुकानाकडे तोंड करून उभी. माणसं यायची, त्याच्या शेजारी थांबायची.

"मालक जेवायला गेलेत का?"

"मीच मालक."

"पुरे हो चेष्टा. तुम्हीपण थांबलाय ना?"

दुसरी अडचण याहून मोठी. घराची किल्ली कुणाच्या हातात द्यायची म्हणजे तो माणूस ओळखीचा लागतो. याची पाठ साऱ्या गावाने पाहिली होती, चेहरा कुणाच्या ध्यानात नव्हता. महिना सरत आला आणि शिंपी येता-जाता खोलीची लांबी-रुंदी नजरेने मापू लागला.

शेवटी बायकोने नणंदेला गाठलं. "वन्सं, यांचा एक फोटो काढायला सांगा. समोरून, काउंटरच्या आतला. तुमच्या काचेच्या कपाटात लागला की गावाला पटेल."

स्टुडिओबाहेरच्या त्या कपाटापुढे अख्खा बाजार थांबायचा. भाऊजी कुरकुरत आले. जिन्याखाली ऊन कुठलं, म्हणून जुन्या कॅमेऱ्याचाच डबा तिपाईवर चढवला. तिपाईने दार अडवलं आणि दाराबाहेर बघ्यांची गर्दी जमली.

"गिऱ्हाईक उलटं झालं रे!" कुणीतरी ओरडलं.

"आणि आता गिऱ्हाईक कोण?" भाऊजींनी विचारलं. सगळ्यांनी बायकोकडे पाहिलं.

"मी? पाठ करून? का, माझ्या तोंडाला काय झालंय?"

"अगं, फोटो त्याचा आहे. पुढच्या वेळी तुझा काढू."

"पुढच्या वेळी म्हणे," असं पुटपुटत तिने ट्रंकेचं कुलूप पुढे धरलं. तो काउंटरच्या आत ताठ उभा राहिला. भाऊजींनी झाकण काढलं आणि तोंडातल्या तोंडात आकडे मोजू लागले.

निम्मे आकडे झाले असतील-नसतील, तोच दवाखान्याचा कंपाउंडर गर्दी फाडत तिपाईशेजारून आत घुसला. "औषधांच्या कपाटाची किल्ली मोडली! अर्धी आतच राहिलीय, आणि डॉक्टरांना इंजेक्शन हवंय, आत्ताच्या आत्ता!"

"हलू नकोस!" भाऊजी किंचाळले.

तो हलला. कंपाउंडरच्या तळहातावरचा तुकडा उचलून उजेडाकडे धरला, दात कुठल्या बाजूला असणार ते पाहिलं, खिळ्यावरच्या तीन कोऱ्या, बिनदाताच्या किल्ल्या, कानस आणि एक वाकडी तार खिशात घातली आणि तिपाईखालून वाकून बाहेर पडला. फोटो बघायला आलेली माणसं त्याच्या मागे निघाली. यापेक्षा चांगला तमाशा त्या दिवशी दुसरा नव्हता.

दवाखान्यात त्याने कुलपाला कान लावला, तार आत सारली आणि एका दमात तुकडा बाहेर ओढला. मग त्याच तारेने खटका दाबून कपाट उघडलं. डॉक्टर बाटली घेऊन आत पळाले. याने दोन्ही तुकडे खिडकीच्या कट्ट्यावर जुळवले आणि तिथेच नवी किल्ली घासायला घेतली. घासून झाल्यावर त्याने ती कुलपात फिरवून दाखवली, एकदा बंद, एकदा उघडं.

"किल्ली कुणाकडे करून मिळाली, असं कुणी विचारलं तर काय सांगू?" कंपाउंडरने विचारलं.

"शिंप्याच्या जिन्याखाली," तो म्हणाला.

परत आला तर भाऊजी स्टुलावर फुगून बसलेले आणि बायको अजून तशीच, कुलूप पुढे धरून, मान न वळवता उभी.

"झालं का हो? मला कुणी सांगितलंच नाही."

"झालं कसलं!" भाऊजी म्हणाले. "हिची पाठ सुरेख येईल. याच्या डोक्याच्या जागी धूर. असला फोटो कपाटात लावला तर माझं दुकान बसेल. चल, दुसरी प्लेट लावतो. राहा उभा."

तो काउंटरच्या आत गेला खरा, पण त्याच्यामागून दवाखान्यातली निम्मी माणसं आली होती. एकाच्या हातात गंजलेलं कुलूप, दुसऱ्याच्या हातात कपाटाचा अख्खा खणच. त्यांना सारत शिंपी पुढे आला आणि कात्र्यांची पेटी त्याने फळीवर आदळली.

"वर्षभर उघडत नाही. बाइंडरला मी नाही म्हणून निरोप धाडतो, तुम्ही आधी हे बघा."

त्याने पेटी जवळ ओढली, कुलपात फुंकर मारली आणि मान वर न करता म्हणाला, "भाऊजी, ती तिपाई तेवढी बाजूला घ्या. लोकांना आत यायला वाट नाही."