पिशवीवाली इस्मेनिया

चिलीतल्या वालपाराइसो बंदराच्या त्या टेकडीवर इस्मेनिया ओयार्सूनचं घर कुठलं म्हणून विचारलं असतंत, तर लोक डोकं खाजवत उभे राहिले असते. ‘पिशवीवाली’ म्हटलं की मात्र कुणीही हात करून दाखवलं असतं. लांब जिन्याच्या मधोमध, पत्र्याच्या भिंतींचं, निळा रंग उडालेलं घर. हे नाव पडलं ते तिच्या कुत्रीमुळे. इस्मेनिया चोल्गाला घेऊन निघाली की कोटाच्या खिशातून पावाच्या रिकाम्या पिशव्यांची टोकं डोकावत असायची. चोल्गा बसली की ही थांबायची, पिशवी मोज्यासारखी हातावर चढवायची, वाकून सगळं उचलायची, गाठ मारायची आणि जिन्याच्या पायथ्याशी असलेल्या कचरापेटीत नेऊन टाकायची. त्या टेकडीवर हे करणारं दुसरं माणूस नव्हतं.

चोल्गा खरं तर मुलाची, आलीरोची. चोल्गा म्हणजे तिकडचा काळा शिंपला; ही तशीच काळीभोर, म्हणून चोल्गा. पिल्लू असताना त्याने बंदरावरून शर्टात घालून आणली होती. पुढे आलीरो उत्तरेकडे तांब्याच्या खाणीत नोकरीला गेला, तिकडेच संसार थाटला, आणि कुत्री आईकडे राहिली. दर रविवारी त्याचा फोन यायचा. आधी आईची चौकशी, मग चोल्गाची. इस्मेनियाला वाटायचं, चोल्गा नसती तर फोन निम्म्यातच संपला असता.

नवरा गेला तेव्हा इस्मेनिया टेकडीच्या लिफ्टवर तिकिटं द्यायला बसायची. लिफ्ट म्हणजे तारेच्या दोरावर वरखाली जाणारा लाकडी डबा. एके दिवशी दुरुस्तीसाठी म्हणून बंद केला तो कायमचा. आधी दिवे गेले, मग खिडक्या, मग फळ्याही कुणीकुणी सरपणाला नेल्या. तेव्हापासून बाजार, दवाखाना, शाळा, प्रेत, सगळं त्या एकाच जिन्यावरून जायचं. आणि जिन्यावर माणसांपेक्षा कुत्री जास्त. काही बेवारशी, काही घरची. पण घरची तरी कोणती? सकाळी फाटक उघडायचं, कुत्रं बाहेर सोडायचं, संध्याकाळी भूक लागली की ते परत येतं. मधल्या वेळात ते कुठे बसलं, काय केलं, याचा विचार कुणी करत नसे.

सगळ्यांत मोठी दोन कुत्री येर्कोची. येर्को वरच्या वळणावर राहायचा, फ्रिज दुरुस्त करायचा. इस्मेनियाचं आणि त्याचं रोज वाजायचं.

“येर्को, तुझ्या दोघांनी माझ्या दारात प्रसाद ठेवलाय. ये, घेऊन जा.”

“आजी, त्याच्यावर माझं नाव लिहिलंय का?”

“नाव कशाला? माप बघ की. तुझ्या घरचं माप लपतंय होय?”

दारोदारच्या बायका खिदळायच्या. येर्कोही हसायचा, कान खाजवत निघून जायचा. उचलायची शेवटी इस्मेनियाच. स्वतःच्या कुत्रीचं उचलताना शेजारी पडलेलं दुसऱ्याचंही उचलायची. “वाकलेच आहे तर,” म्हणायची.

मग तिचं वाकणंच गेलं. खुब्याचं हाड झिजलं. सरकारी दवाखान्यात ऑपरेशनसाठी नाव लावलं, तर तिथे “फोन करू” म्हणाले, आणि त्या फोनची वाट बघता बघता दोन हिवाळे गेले. एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताने कठडा धरल्याशिवाय तिला पायरी उतरता येईना. चोल्गाची दोरी मनगटाला बांधायला लागली. लांब दांड्याचं सुपडं आणलं, पण त्याला दोन हात लागतात, आणि हात सोडला तर जिना तिला खाली घेऊन गेला असता. एकदा हट्टाने वाकली. वाकली ती वर येईना. पायरीवर बसून राहिली, पिशवी हातात, आणि चोल्गा तिचं तोंड चाटत उभी. वरून येणाऱ्या कुणीतरी तिला काखेत हात घालून उठवलं.

खालच्या घरात मार्जोरी नावाची केस कापणारी बाई राहायची. ती आपणहून म्हणाली, “बाई, मी नेते हिला. मला तरी कुठे व्यायाम होतोय!” इस्मेनियाने तिला पिशव्यांचा गठ्ठाच देऊन ठेवला. सुरुवातीला सगळं नीट चाललं. हळूहळू मार्जोरी लवकर परतायला लागली.

“उचललंस ना गं?”

“हो हो, उचललं की.”

एकदा इस्मेनिया खिडकीत उभी होती. चोल्गा दिव्याच्या खांबाजवळ बसली. मार्जोरी फोनवर बोलत होती, बोलता बोलताच तिने दोरी ओढली आणि पुढे निघाली. चोल्गाच थोडी अडून मागे बघत राहिली, कारण तिच्या हिशेबी माणसाचं काम अजून व्हायचं होतं. इस्मेनियाने मार्जोरीला काही विचारलं नाही. फुकटच्या मदतीला नावं कशी ठेवणार? दुसऱ्या दिवशी नुसतं म्हणाली, “आता बरं वाटतंय मला. मीच नेत जाईन.” मार्जोरीने “नक्की का?” एवढंच विचारलं. सुटल्यासारखं तोंड तिला लपवता आलं नाही.

आणि मग एका सकाळी इस्मेनियाने तेच केलं. चोल्गा बसली. इस्मेनियाने वर बघितलं, खाली बघितलं. कुणी नव्हतं. तिने दोरीला हिसका दिला आणि चोरासारखी घरात शिरली. चहा ओतला, आणि तो तसाच गार झाला. त्या दिवशी तिने स्वतःला बजावलं की हे एकदाच. दुसऱ्या दिवशीही तसंच बजावलं. पुढे बजावणंही सुटलं. फक्त बाहेर पडण्याआधी पडद्याआडून जिना रिकामा आहे का ते बघायची सवय लागली.

तिसऱ्या हिवाळ्यात, पावसाची रिपरिप चालू असताना, नोल्बेर्तो पडला. नोल्बेर्तो गॅसची टाकी खांद्यावर घेऊन जिना चढायचा. अख्ख्या टेकडीच्या चुली त्याच्या खांद्यावर पेटायच्या म्हटलं तरी चालेल. इस्मेनियाच्या दाराच्या थोडं खाली त्याचा पाय घसरला. आधी टाकीचा घणघणाट ऐकू आला, पायरी पायरी करत ती पार पायथ्याशी जाऊन थांबली. मग त्याची किंकाळी. इस्मेनिया दारात आली तेव्हा लोक त्याला उचलत होते, एक पाय भलत्याच बाजूला वळला होता. तिची नजर त्याच्या बुटाकडे गेली, मग पायरीकडे. सकाळी चोल्गा तिथेच बसली होती. त्याच पायरीवर, की एक सोडून? तिला आठवेना. पावसाने सगळं एक केलं होतं.

रविवारी रहिवासी मंडळाची सभा भरली. खोली गच्च भरलेली, ओल्या कोटांचा वास. अध्यक्ष एवारिस्तो बोलायला उठले. नगरपालिका झोपली आहे, मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त झालाच पाहिजे, अर्ज देऊ या. सगळ्यांनी माना हलवल्या. येर्को सगळ्यांत जोरात म्हणाला, “बरोबर आहे! या मोकाट कुत्र्यांनी वैताग आणलाय.”

इस्मेनिया काठी टेकत उभी राहिली.

“त्या दिवशी सकाळी माझी चोल्गा तिथे बसली होती,” ती म्हणाली. “मी उचललं नाही. बरेच दिवस झाले, मी उचलत नाही. मला वाकता येत नाही.”

इस्मेनियाला वाटलं होतं, आता दुसरंही कुणी उठेल. निदान एखादं तरी म्हणेल, माझंही कुत्रं तिथूनच जातं. मार्जोरी नखं बघत बसली होती. मग कुठूनतरी एक सुस्कारा निघाला आणि बघता बघता सगळ्या खोलीचे खांदे खाली आले.

“अरे वा!” येर्को म्हणाला. “आणि आम्हाला मापं दाखवत होत्या!”

लोक हसले. हसण्यात राग फारसा नव्हता, सुटका होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे संन्यासीच स्वतःहून फास मागायला आला होता. मग लोक कशाला मागे राहतात? एक बाई म्हणाली, झेपत नाही तर कुत्रं पाळावंच कशाला. दुसरी म्हणाली, बिचारा नोल्बेर्तो, त्याची पोरं लहान आहेत. एवारिस्तोंनी अर्जाचा कागद घडी करून खिशात घातला. ठरलं एवढंच की इस्मेनियाने कुत्री जिन्यावर आणू नये, आणि एक पाटी लावावी. “आपल्या कुत्र्याची घाण आपण उचला” अशी ती पाटी तिच्याच दाराशेजारी ठोकली. येर्कोची कुत्री रोज येता-जाता त्या पाटीवर तंगडी वर करायची.

पाऊस थांबला नव्हता, म्हणून इस्मेनियाने सोपाइपिया तळल्या, भोपळा घालून मळलेल्या कणकेच्या त्या पुऱ्या पावसात घरोघर होतात. टोपलीत घालून, फडक्याने झाकून ती नोल्बेर्तोकडे गेली. दोन गल्ल्या चालायला तिला सकाळ गेली. दार त्याच्या बायकोने उघडलं. टोपली घेतली, आत या म्हणाली नाही, पण दारातून बाजूला झाली.

नोल्बेर्तो पलंगावर पडला होता, मांडीला लोखंडी सळ्या बाहेरून लावलेल्या.

“मला माफ कर,” इस्मेनिया म्हणाली.

“माफ काय करायचं, बाई?” तो छताकडे बघत म्हणाला. “मी काय बघून पाय दिला होता? कुणाच्या कुत्र्याचं होतं कुणास ठाऊक. आम्ही त्या जिन्यावर रोज घसरतो. त्या दिवशी टाकी जड होती एवढंच.”

“पण ते माझंच...”

“असेल. नसेलही.” मग त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. “पण तुम्ही सांगायला नको होतं. लोक भ्यायले होते हो थोडे. माझी बायको म्हणत होती, सभेच्या आधी दोघंतिघं झाडू घेऊन आले होते जिन्यावर. तुम्ही स्वतःचं नाव सांगितलंत आणि सगळे आपापल्या घरी गेले.”

ती शिव्या खायच्या तयारीने गेली होती. शिव्या मिळाल्या असत्या तर निदान परत येताना पाय हलके पडले असते. त्याची बायको टोपली रिकामी करून परत देताना म्हणाली, “डॉक्टर म्हणतात, टाकी उचलायचं विसरा.”

इस्मेनियाने चोल्गाला घरात कोंडलं. मागच्या हातभर अंगणात वर्तमानपत्रं पसरली, माती टाकली. पण चोल्गाला पिल्लू असल्यापासून शिकवलेलं, घरात करायचं नाही. ती अंगणात जायची, वास घ्यायची आणि दाराशी येऊन उभी राहायची. दिवसभर दाबून धरायची. रात्री कण्हायची. शेवटी लघवीतून रक्त यायला लागलं. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, “गोळ्या देतो, पण हिला बाहेर काढा, बाई. म्हातारी झालीये, आता नवं शिकायची नाही.”

“घेतं का हिला कुणी?” इस्मेनियाने विचारलं.

“एवढ्या म्हाताऱ्या कुत्रीला?” डॉक्टरने नुसते ओठ मुडपले.

रविवारी आलीरोला सांगितलं. तो म्हणाला, “आई, एवढं काय त्यात? सोड की तिला. टेकडीवरची सगळी कुत्री तशीच जगतात.”

“मी जन्मभर लोकांना...”

“लोकांचं काय घेऊन बसलीस!”

मंगळवारी दुपारी तिने दार उघडलं. चोल्गाच्या गळ्यातली दोरी सोडली. चोल्गा एक पायरी उतरली आणि थांबली, मागे वळून बघायला लागली.

“जा,” इस्मेनिया म्हणाली.

चोल्गा शेपूट हलवत उभीच. तिला वाटत होतं, इस्मेनिया दोरी शोधतेय.

“जा ना गं! एकटीच जा. मी येत नाही.”

शेवटी इस्मेनियाने दार लावून घेतलं आणि आत जाऊन रेडिओ मोठा केला. बऱ्याच वेळाने पडदा सारला तेव्हा पायरी रिकामी होती. संध्याकाळी दारावर नखांची खरखर झाली. चोल्गा आत आली, भांडंभर पाणी प्यायली आणि झोपली. आठवडाभरातच तिला दार उघडण्याची वाट बघणं जमलं, मागे बघणं सुटलं. येर्कोच्या कुत्र्यांच्या मागून फिरायला लागली. अंगाला कचऱ्याचा वास यायला लागला, रात्री ती पायाशी येऊन झोपली की इस्मेनिया तोंड भिंतीकडे करायची.

लोक मात्र पुन्हा बोलायला लागले. सभेनंतर तिला बघून गप्प होणाऱ्या बायका आता थांबून तब्येत विचारायच्या. कुणी उरलेला पाव आणून द्यायचं. तिच्या कुत्रीला लोकांनी घातलेली जिन्याची बंदी कुणाच्या लक्षातही राहिली नाही. मोकळी सुटलेली कुत्री कुणाचीच नसते.

नोल्बेर्तोच्या जागी आलेला गॅसवाला जिना चढत नसे. खाली गाडी उभी करून भोंगा वाजवायचा, ज्याला टाकी हवी त्याने न्यावी. इस्मेनिया दोन दिवसांचा स्वयंपाक एकदमच करायला लागली. टाकी संपली तेव्हा दोन दिवस थंडच खाल्लं. तिसऱ्या दिवशी दारावर थाप पडली. खांद्यावर भरलेली टाकी घेऊन येर्को उभा होता, घामाघूम.

“आजी, स्वयंपाकाचा वास येईना म्हणून म्हटलं... कुठे ठेवू?”

त्याने टाकी जोडली, साबणाचं पाणी लावून गळत नाही ना ते बघितलं. पैसे घेईना. “राहू द्या हो, शेजारी कशाला आहोत?” इस्मेनियाने आधण ठेवलं, खुर्ची पुढे केली. तो मोकळेपणाने बसला, पाय पसरून.

“तुमची चोल्गा चांगली रमलीये हं आमच्या दोघांत,” तो म्हणाला. “उगाच बांधून ठेवत होतात इतकी वर्षं.”

खिडकीतून जिना दिसत होता. चोल्गा वरून एकटीच उतरत आली, मधल्या पायरीवर गोल फिरली आणि बसली. येर्कोने पाहिलं. इस्मेनियानेही पाहिलं. दप्तरं घेतलेल्या दोन मुली खालून वर येत होत्या. चोल्गा उठली, मागच्या पायांनी सिमेंटवर चार ओरखडे काढले आणि निघून गेली.

इस्मेनियाने कप त्याच्यापुढे सरकवला.

“साखर किती घालू?” तिने विचारलं.