चांदीची लाथ

इथले किस्से वाचून हसणाऱ्यांपैकी मी एक. भूतबित मानत नाही... आजही नाही. पण आमच्या गायीचं काय करायचं, ते तुम्हीच सांगा.

दोन वर्षांपूर्वी अमरावतीला राजापेठेत खोली करून परीक्षेचा अभ्यास करत होतो. वजन कमी करायच्या नादात जेवणच सुटलं. डॉक्टरांनी नाव सांगितलं – ॲनोरेक्सिया. तो मुलांनाही होतो हे तेव्हा कळलं. दाढी वाढेना, भर मे महिन्यात स्वेटर लागायचा, मुलींकडे बघावंसंही वाटेना. टेस्टोस्टेरॉन पार तळाला गेलं होतं.

उपचार सुरू झाले आणि मी हिवरखेडला घरी आलो. हळूहळू वजन आलं, पण सगळं पोटावर! दाढीचा पत्ता नाही. डॉक्टर म्हणायचे, हार्मोन मागून येतात, खात राहा.

आता चांदी. ही गाय बाप्यामाणसाला जवळ फिरकू देत नाही. पूर्वी मीही लाथा खाल्ल्यात. बाबांनी एकदा आईचं लुगडं गुंडाळून धार काढली, तेव्हा कुठे ती फसली. पण आजारातून घरी आल्यावर मला मात्र ती रोज सकाळी गुमान धार काढू द्यायची. सगळ्यांना त्याचं कौतुक... मला ते फार लागायचं.

एका मंगळवारी अकोल्याच्या लॅबचा रिपोर्ट मोबाईलवर आला. टेस्टोस्टेरॉन अजून कमीच. मी मनाशी ठरवून टाकलं, आता खाणं बंद, निदान पोट तरी जाईल.

बुधवारी सवयीने धार काढायला बसलो. चांदीने मान वळवून मला हुंगलं आणि अशी लाथ घातली की बादली एकीकडे, मी शेणात. शर्ट तोच, हात तेच. मग आईचं लुगडं गुंडाळून पुन्हा बसलो – दुसरी लाथ.

आई दारात उभी होती. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"थे आता तुले बाप्या समजून राहिली," ती म्हणाली. "रिपोर्ट जाऊ दे. चाल, जेव."

त्या दिवशी मी दोन भाकरी खाल्ल्या.

दीड महिन्याने रिपोर्ट नॉर्मल आला, दाढीही फुटली. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, वासावरून कळलं असेल. असेल... पण रक्तात जे सापडलं नाही, ते गायीला कसं सापडलं? आणि लुगड्याला ती या वेळी का फसली नाही?

धार आता आईच काढते. मी लांबूनच तिच्यापुढे सरकीची ढेप टाकतो. चांदीने माझ्यावर शिंगं उगारली, की मला फार बरं वाटतं.