बाण पूर्वेला, पाणी गिरणीला

आमच्या ऑफिसात किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. पावसाळी गटाराच्या चेंबरमध्ये गाळ साठतो ना, तसे ते आपोआप साठतात. आठवडाभर कुणाचं लक्ष नसतं. शनिवारी चहाच्या वेळी कुणीतरी झाकण उचलतं आणि मग आवरता आवरत नाही. आमचे बॉस साठे सर "पुरे आता, कामं करा!" म्हणून ओरडतात आणि पुढचा किस्सा स्वतःच सुरू करतात.

ऑफिस म्हणजे तरी काय, चिंचवडला क्लच प्लेटच्या दुकानावर दोन खोल्या. माणसं तीन. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले साठे सर, बीडचा सर्व्हेअर नामदेव आणि मी. मी रोज पुनावळ्याहून स्कूटरवर येते, त्यामुळे ऑफिसात पोचेपर्यंत माझं डोकं तापलेलंच असतं.

आमचं काम एका वाक्यात सांगते. एखादी इमारत वाढवायची असली, की तिच्या छपरावर आणि आवारात पडणारं पावसाचं पाणी कुठे जाईल, कुणाच्या घरात शिरेल, हे आधी शोधून लिहून द्यायचं. गेल्या वर्षी गणपती उठल्यावर असंच एक काम आलं. एका जुन्या गावठाणातलं सरकारी ऑफिस. गावाचं नाव विचारू नका, सांगणार नाही. मागे नवी तीन मजली विंग आणि मातीच्या आवारात सगळीकडे पेव्हर ब्लॉक. अहवाल दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी द्यायचा.

* * *

पहिल्याच दिवशी नामदेवने गल्लीत तिपाई उभी केली, तिच्यावर लेव्हलचं मशीन चढवलं आणि रस्त्यावर लाल रंगाचे ठिपके द्यायला सुरुवात केली. पाच मिनिटांत गर्दी!

"साहेब, रोड वायडनिंग का?" एका हार्डवेअरवाल्याने विचारलं.

नामदेव मशीनमधून डोळा न काढता म्हणाला, "नाही हो, पाणी कुठं जायलंय ते बघायलोय."

हे उत्तर कुणालाच पटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तर गल्ली ओळखू येईना! हार्डवेअरवाल्याने पत्र्याची शेड तीन फूट आत घेतली होती. शेजारच्या वडापाववाल्याने ओटाच फोडला होता. एका आजोबांनी तर नामदेवचा हात धरून त्याला अंगणात नेलं आणि म्हणाले, "बघा, तुळस बी मागं घेतली. आता ठिपका पुसा तेवढा!"

नामदेवची आदल्या दिवसाची सगळी मापं वाया गेली. त्याने बिचाऱ्याने पहिल्यापासून परत घेतली.

* * *

आता भोसेकर साहेब. नव्या इमारतीचं डिझाइन ज्या खासगी कंपनीने केलं होतं, तिचे हे मुख्य इंजिनिअर. आमचा अहवाल आधी यांच्याकडे जायचा आणि यांनी मान्य केला तरच पुढे सरकायचा. साहेबांच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, पायात दुधासारखे पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज. ते खराब होतील म्हणून साहेब साईटवर कधी उतरलेच नाहीत, फाटकाशी उभे राहून सगळं बघायचे. दुसरी, शर्टाच्या खिशात नावाचा आणि हुद्द्याचा शिक्का. तो शाईवाला, दाबला की उमटणारा. कागद दिसला की सही आणि सही केली की शिक्का! एकदा मी त्यांना चहाचं बिल दाखवलं, त्याच्यावरही मारला.

तर त्यांच्या ड्रॉइंगवर एक निळा बाण होता, पूर्वेकडे, मोठ्या नाल्याकडे. म्हणजे सगळं पाणी तिकडे जाणार. नामदेवने तीनदा मापं घेतली. तिन्ही वेळा आवाराचा उतार उलटा निघाला, पश्चिमेला, मागच्या फाटकातून गल्लीत.

मी फाटकाशी जाऊन सांगितलं, "सर, जमीन पश्चिमेला हातभर खाली आहे."

साहेबांनी ड्रॉइंग उलगडलं. "बाण बघा मॅडम, बाण! पूर्वेला आहे ना?"

"बाण पूर्वेला आहे सर, पण जमीन पश्चिमेला आहे."

"मग जमीन चुकली असेल," साहेब शांतपणे म्हणाले, "ड्रॉइंग दोन जणांनी तपासलंय."

* * *

त्या पश्चिमेच्या गल्लीत, उताराच्या अगदी तळाशी, बबनकाकांची पिठाची गिरणी. काका मूळ गावातले, साठी ओलांडलेले. तीस वर्षं दळण दळतायत. भुवयांवरसुद्धा पीठ.

गिरणीच्या भिंतीवर खडूच्या आडव्या रेघा होत्या. मी विचारलं, काय हे?

"ही पान्याची खून हाय ताई," काका म्हणाले. "ही खालची, शिंदे वहिनींची बाजरी बुडाली तवाची. ही वरची, जोशीबाईंची उपासाची भाजनी बुडाली तवाची. आन् ही सगळ्यात वरची, बुडायला डबाच न्हवता राहिला, तवाची!"

मी हसले. काका हसले नाहीत. त्यांनी मोटर दाखवली. दर वर्षी पाणी वाढेल तसा खाली विटांचा एकेक थर चढवत गेलेले.

"आत्ता आवारात माती हाय, चिंच हाय, थोडं तरी पानी मुरतंय. तिथं फरशी केली म्हंजी समदं माज्याच दारात येनार. मोटर बुडाली की गिरनी बंद. ह्या वयात आमी दुसरं काय करनार, तुमीच सांगा."

उपाय अवघड नव्हता हो. पश्चिमेच्या भिंतीलगत एक गटार काढून ते वळवून नाल्याला जोडायचं. पण पाणी पश्चिमेला जातं हेच मान्य नाही, तर गटार कशाला!

काकांची वहीही इथेच सांगून ठेवते. एकदा डब्यांची अदलाबदल झाली आणि ऐन एकादशीला जोशीबाईंच्या घरी साध्या भाजणीची थालीपीठं झाली. अख्ख्या घराचा उपास मोडला! जोशीबाई गिरणीत येऊन जे बोलल्या, ते काका अजून सांगत नाहीत. तेव्हापासून नियम. डब्याला चिठ्ठी आणि नेताना वहीत लिहायचं: काय, कुठून आलं, कुणी नेलं. खाली सही. काकांची सख्खी बहीण आली तरी सुटका नाही.

मी रेघांचे फोटो भोसेकर साहेबांना दाखवले. साहेब म्हणाले, "शिंदे वहिनींची बाजरी? याला पुरावा म्हणत नाहीत मॅडम. पाणी तिकडं गेल्याचं लेखी आणा. तांत्रिक माणसाच्या सही-शिक्क्याचं. लगेच गटार मंजूर करतो!"

इतका राग आला मला! बाहेर येऊन स्कूटरला लाथ मारली. अंगठा दोन दिवस दुखत होता.

* * *

मग आम्ही पावसाची वाट बघायला लागलो. सगळं शहर उघडीप आहे म्हणून खूश, आणि आम्ही तिघं खिडकीत उभे राहून ढग मोजतोय! सरकारी ऑफिसच्या गच्चीवर पर्जन्यमापक ठेवलं होतं. एका पहाटे खरंच सर आली. मी आणि नामदेव उठून धावलो तर मापक कोरडं ठणठणीत, आणि त्याच्यावर खडूने लिहिलेलं, "तपासले".

डेंगूच्या मोहिमेतल्या ताई आमच्या आधी पोचल्या होत्या. मी डोक्याला हात लावला, तर त्या माझ्यावरच डाफरल्या, "इंजिनिअर ना तुम्ही? गच्चीत उघड्यावर पाणी साठवून ठेवता? अळ्या होतात!"

* * *

शेवटी साठे सर म्हणाले, "पाऊस येत नसेल तर आपण पाडू." सरांनी टँकर मागवला. आवाराच्या मधोमध पाणी सोडायचं आणि ते कुठे जातं त्याचा व्हिडिओ काढायचा, असा बेत. पाण्याची दिशा दिसावी म्हणून बबनकाकांनी पोतंभर कोंडा दिला. मी मोबाइल घेऊन उभी. सरांच्या हातात घड्याळ.

आता चूक काय झाली सांगू? त्या भागात नळाला पाणी दिवसाआड यायचं, आणि तो नेमका न येण्याचा दिवस होता. नामदेवने पाइप सोडला मात्र, गल्लीतून हाक गेली, "टँकर आला गं!" आणि बादल्या, हंडे, टब, कुकरची भांडी! नामदेव ओरडत होता, "अहो मावशी, हे प्यायचं न्हाई, हे बघायचं पाणी हाय!" कोण ऐकतंय? एक मावशी त्याला म्हणाल्या, "बघून झालं की दे मग."

दहा मिनिटांत टँकर रिकामा. जमीन ओलीसुद्धा झाली नाही. कोंडा नेला तो वेगळाच. एका बाईंची म्हैस होती.

सरांनी खिन्नपणे डायरीत नोंद केली: "वाहून गेलेले पाणी, शून्य. कारण, बादल्या."

* * *

आणि मग दसरा उजाडला. त्याच दिवशी नव्या विंगचं भूमिपूजन. आवारातली चिंच आठवड्यापूर्वीच तोडलेली, जमिनीवर रोलर फिरवून ती टणक केलेली, वर मोठा मांडव, त्याच्यावर ताडपत्री. साठे सरांनी मांडवाकडे बघितलं आणि माझ्या कानात म्हणाले, "अगं, हे तर आपलं मॉडेलच उभं केलंय! फरशी आहे, छप्पर आहे. फक्त पाऊस नाही." आकाश निरभ्र होतं. अहवाल उद्या द्यायचा होता. बबनकाकांना मी आदल्या दिवशी सांगून आले होते, की बहुतेक जमणार नाही. काका एवढंच म्हणाले, "बरं." तेच मला फार लागलं होतं.

पूजा म्हटल्यावर सगळ्यांनी चपला मागच्या फाटकाशी काढल्या. पाहुण्यांच्या कोल्हापुरी, बायकांच्या सँडल, आणि सगळ्यांत शेवटी, रुमाल अंथरून त्याच्यावर, भोसेकर साहेबांचे पांढरे बूट. शंभरेक माणसं अनवाणी आत बसली. गुरुजींनी संकल्प सोडला आणि बरोबर तेव्हाच चाकणच्या बाजूने काळं भरून आलं.

परतीचा पाऊस कसा असतो ठाऊक आहे ना? अर्धा तास नुसता ओतला! ताडपत्रीवरून धबधबे सुरू. लोक खुर्च्यांवर चढले, गुरुजी कलश घेऊन स्टेजवर. भोसेकर साहेब मोठ्याने सांगत होते, "काळजी करू नका, सगळं पाणी पूर्वेला जाणार!"

पाऊस थांबला. सगळे फाटकाशी आले. तिथे एकही चप्पल नव्हती. रुमालसुद्धा नव्हता.

लगेच माइकवरून घोषणा सुरू! "ज्या कुणी चपला नेल्या असतील त्यांनी सणासुदीचं भान ठेवून परत आणाव्यात. आवारात कॅमेरे आहेत!" कॅमेरे नव्हते.

तेवढ्यात माझा फोन वाजला. नामदेव. गिरणीची पूजा होती म्हणून तो तिकडे प्रसादाला गेला होता.

"मॅडम, मोटर वाचली. काकानं आन् म्या आजून एक थर चढवला, झेंडूच्या माळेला पाणी लागलं तेवढंच. आन् मॅडम, चपला कुनाच्या हरवल्यात का? समद्या हितं आल्यात!"

मग निघाली मिरवणूक. शंभर माणसं अनवाणी, धोतरं वर धरून, गुडघाभर गढूळ पाण्यातून उताराने खाली. मध्ये भोसेकर साहेब, पँट दुमडलेली, आयुष्यात पहिल्यांदा साईटच्या चिखलात उतरलेले.

गिरणीत बबनकाकांनी डब्यांच्या फळीवर सगळ्या चपला जोडीने लावल्या होत्या. प्रत्येक जोडाला चिठ्ठी. समोर उंच स्टुलावर वही उघडलेली.

भोसेकर साहेबांना बूट दिसले. पांढरे आता म्हणवत नव्हते. साहेबांनी हात पुढे केला.

काकांनी वहीवर बोट ठेवलं. "आदी लिवा साहेब. काय, कुठनं आलं, कुनी नेलं. गिरनीचा नियम हाय, जोशीबाईंना इचारा."

"अहो, लोक थांबलेत मागे!"

"म्हनून तर म्हनतो, बिगी बिगी लिवा."

मागे खरंच रांग होती आणि पाय गारठले होते. साहेबांनी पेन काढलं आणि घाईघाईने लिहिलं: "पांढरे बूट, एक जोड. नव्या इमारतीच्या आवारातून पावसाच्या पाण्याबरोबर आले. मिळाले." खाली सही केली.

मी साठे सरांकडे बघितलं. सर छताकडे बघत होते.

सही वाळायच्या आत साहेबांचा हात सवयीने शर्टाच्या खिशाकडे गेला.